साडेसहाचं ताक

रावपुरा, बडोदे
गुरुवार, दुपार

प्रिय यशू,

आधी बस. उभ्याउभ्या, कुकरच्या शिट्ट्या मोजत वाचायचं हे पत्र नाही. कुरिअरने आईचं पत्र आलं म्हणून घाबरूही नकोस, गुडघा सोडला तर मी ठणठणीत आहे. रविवारी फोनवर तू म्हणालीस की इंद्रनीलरावांना हल्ली प्याल्यावर पोटात आग पडते, पहाटे उठून पोट धरून बसतात, डॉक्टरचं नाव काढलं की चिडतात. मग म्हणालीस, आई, तुमच्या कॉलेजात ते पेरूच्या पानांचं पोटाचं चूर्ण करता ना, त्याची एक बरणी नाशिकला पाठव. (नाशिकला गेल्यापासून तू पेरू म्हणायला लागलीस, आपण बडोद्याची माणसं जामफळच म्हणणार.) मी ‘बघते’ म्हटलं आणि गॅसवर दूध आहे असं सांगून फोन ठेवला. दूधबीध काही नव्हतं. चार दिवस झाले, त्या बरणीशिवाय डोक्यात दुसरं काही नाही. पाठवावी की नाही, एवढंच. पुन्हा फोन केला असता तर तू मध्येच माझं वाक्य पुरं केलं असतंस, ती सवय तू बाबांची उचलली आहेस. कागद बिचारा मुकाट्याने ऐकून घेतो.

हे लिहितेय ते आमच्या पानं वाळवायच्या खोलीत बसून. तू शाळेत असताना एकदा आली होतीस आणि इथेच झोपून गेली होतीस. अजून तशीच आहे ही खोली. जमिनीवर जुनी वर्तमानपत्रं, त्यांच्यावर पानं पसरलेली, वर पंखा अगदी सावकाश. पानांना ऊन लावायचं नसतं, सावलीत सुकू द्यायची. दोन ते चार इथे कोणी फिरकत नाही. पलीकडच्या टेबलावर काचेच्या नळ्यांमधून अर्क उतरत असतो, थेंब, मग पुन्हा थेंब. त्या थेंबांची, पंख्याची आणि सुकत्या पानांच्या वासाची अशी काही गुंगी चढते की मी जागी आहे की झोपेत, माझं मलाच कळत नाही. एकतीस मार्चला मी रिटायर होणार. तेहतीस वर्षं झाली ग! आणि खरं सांगू, मला नोकरीची नाही, या दुपारच्या गुंगीचीच चुटपुट लागणार आहे. तेजश्री म्हणून आमची पीएचडीची मुलगी आहे, ती म्हणते, बेन, तुम्ही तर डोळे उघडे ठेवून झोपता. झोपते तर झोपते, तेहतीस वर्षांत एक नळी फोडली नाही मी.

मी इथे काय करते ते तुला कधी नीट सांगितलंच नाही. तुला वाटायचं आई पानं उकळते. उकळतेच, पण ऐक. झाडाला ऊन सोसायचं असतं, कीड सोसायची असते आणि बिचाऱ्याला पळून जाता येत नाही. म्हणून ते पानापानांत स्वतःच्या रक्षणासाठी काही द्रव्यं तयार करून ठेवतं, बहुतेक पिवळसर. त्यांना फ्लॅवोनॉइड म्हणतात. ती पानांतून बाहेर काढायची हे माझं काम. गंमत अशी की नुसत्या पाण्यात ती नीट सुटत नाहीत, अल्कोहोलमध्ये छान सुटतात. आपलं हे दारूबंदीचं राज्य, त्यामुळे त्या बाटल्यांच्या कपाटाला भलंमोठं कुलूप, आणि किल्ली कोणाकडे? तुझ्या आईकडे. अर्क तयार झाला की तो साधला का ते बघायला नळीत थोडा घ्यायचा, मॅग्नेशियमची बारीकशी फीत टाकायची, वरून आम्लाचे थेंब सोडायचे. आधी बुडबुडे येतात आणि मग हळूहळू, अगदी हळूहळू, गुलाबी रंग चढत जातो. हजार वेळा बघितलाय, तरी अजून श्वास धरून बघते. त्या गुलाबीत मला काय काय दिसतं. एकदा तुझे बाबा लग्नातला फेटा बांधून उभे दिसले, अगदी तरुण, मिशी नुकती कोरलेली. हसू नकोस.

अकरा वर्षांपूर्वी आमच्या साहेबांनी पांढऱ्या उंदरांवर प्रयोग लावला. उपाशी उंदराला शुद्ध अल्कोहोल पाजलं की तासाभरात त्याच्या पोटाच्या आतल्या अस्तरावर लाल-काळे ओरखडे उठतात, रक्त साकळतं. जामफळाच्या पानांचा अर्क आधी दिला तर काय होतं, ते बघायचं होतं. त्या दिवशी पोटं उघडून, धुऊन, पाटीवर टाचण्यांनी ताणून ओळीने लावली. पहिल्या ओळीतली सगळी ओरखडलेली. दुसऱ्या ओळीतली गुलाबी, तान्ह्या बाळाच्या हिरडीसारखी. कधी न हसणारे साहेब दोन्ही हात कमरेवर ठेवून, त्या ओळीकडे मान करून म्हणाले, जुओ बेन, जुओ तो खरा! अस्तरावर जो बुळबुळीत थर असतो तो त्या अर्काने राखला होता, जाळ आत पोचू दिला नव्हता. अट एकच, अर्क आधी द्यायचा, एक तास आधी. सगळे चहाला गेले आणि मी त्या दुसऱ्या ओळीपुढे कितीतरी वेळ उभी राहिले. माझ्या डोळ्यांपुढे उंदीर नव्हतेच ग.

बाबांचं पिणं तुला नव्याने काय सांगायचं. त्यांचे पणजोबा गायकवाडी फौजेतले, म्हणून दसऱ्याला तलवार खाली काढायची, कुंकू लावायचं, पात्यावर दारूचे चार थेंब शिंपडायचे आणि घरातल्या पुरुषांनी एकेक घोट प्रसाद म्हणून घ्यायचा. ह्यांनी तो दसरा वर्षभर लांबवला. चाळिशी उलटल्यावर तब्येतीच्या कारणाचं परमिट काढून आणलं; आता सरकारच तब्येतीसाठी घ्या म्हणतंय म्हटल्यावर मी कोण बोलणार? रोज सहाला कारखान्यातून यायचे, हातपाय धुवायचे, देवाला नमस्कार करायचे आणि साडेसातला बसायचे. कधी आवाज चढवला नाही, कधी हात उचलला नाही, कधी रस्त्यात पडले नाहीत. असा शिस्तीत पिणारा माणूस, त्याच्याशी भांडायचं तरी कशावरून? तरी वर्षानुवर्षं भांडले. तू टीव्हीचा आवाज वाढवलास की आम्हाला कळायचं, पोरीला ऐकू जातंय. मग मीच थकले. उरली ती त्यांची पहाटेची आग. पलंगाच्या कडेला उशी पोटाशी आवळून बसायचे, सोड्याचं पाणी प्यायचे, घामाने बनियन ओलं व्हायचं. आणि म्हणायचे, बस् झालं, सोडतो आता. खरंच म्हणायचे. तू बारावीला होतीस तेव्हा एकदा आठ दिवस सोडलीही होती. पण मला तेव्हा ते सोडणं मोठं वाटलं नाही, मला ती आगच दिसत होती. माझ्याच्याने बघवत नव्हतं, यशू.

त्या प्रयोगानंतर हॉस्टेलमागच्या जामफळाची पानं मी पिशवीतून घरी आणायला लागले. पलंगाखाली कागदावर सुकवायची. तू विचारलंस तेव्हा केसांना लावायची म्हणून सांगितलं. खोटं सांगितलं. कॉलेजातला अर्क मी कधी उचलला नाही, देवाशपथ. घरी पानं कुटून पाण्यातच उकळायची, जेवढं उतरेल तेवढं उतरेल, आणि तो काढा आटवून त्यांच्या ताकात घालायचा. तुरटपणा लपवायला भाजलेलं जिरं, हिंग, आलं, हात सैल सोडून कोथिंबीर. तू एकदा त्यांच्या पेल्यातला घोट घेऊन तोंड वाकडं केलंस आणि विचारलंस, ताक असं तुरट का लागतंय, तेव्हा मी तुझ्यावर केवढी वसकले होते. बाबांच्या पेल्याला पुन्हा हात लावायचा नाही म्हणाले. तू रडलीस. त्याची माफी कधी मागितली नाही, आज मागते. साडेसातला दारू, म्हणजे साडेसहाला ताक. पाहुणे येवोत, वीज जावो, तुझ्या लग्नाची बोलणी चालू असोत, साडेसहाला माझ्या हातात पेला असायचाच. फक्त तुझ्या लग्नाच्या दिवशी सात मिनिटं उशीर झाला होता.

महिन्याभरात त्यांचं पहाटेचं उठणं थांबलं. कितीतरी वर्षांनी मी सकाळपर्यंत सलग झोपले. ती वर्षं मला आता धुक्यातून दिसतात, पण ते सुखाचं धुकं होतं, खोटं कशाला बोलू. घरात भांडण नाही, सोड्याची बाटली नाही, सकाळी खाखरा आणि चहा घेऊन दोघं ओट्यावर बसायचो, जाणारे-येणारे केम छो म्हणायचे. श्रीपतराव, ते त्यांचे पत्त्यांचे दोस्त, म्हणायचे, वहिनी, तुमच्या ताकात जादू आहे, आमच्या घरी जरा शिकवा. मी गालात हसायचे. मला वाटायचं मी जिंकले. न भांडता, न बोलता, त्यांना पत्ताही लागू न देता मी माझा नवरा वाचवतेय. ‘सोडतो आता’ हे बोलणं मात्र घरातून गेलं, आणि ते गेलं हे माझ्या लक्षातही आलं नाही. कशाला सोडतील? दुखतच नव्हतं काही.

तुझ्या लग्नानंतरच्या वर्षी कारखान्यातला त्यांचा एक सोबती दारूनेच गेला. त्या धसक्याने श्रीपतरावांना बरोबर घेऊन ते आपणहून पोटाची दुर्बीण करून आले. डॉक्टर म्हणाले, तुमचं पोट आतून विशीतल्या पोरासारखं आहे, एक डाग नाही. आले ते लहरीपुऱ्यातून पेढे घेऊनच. तुला फोन केला होता ना त्यांनी? किती हसत होते! मी ओट्यापाशी पेढ्याचा पुडा हातात धरून उभी होते, आणि मला काय वाटलं ते मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. मला अभिमान वाटला. वाटलं, आत्ता धावत जाऊन साहेबांना सांगावं की साहेब, घरची ओळसुद्धा गुलाबी निघाली. त्या रिपोर्टाला त्यांनी प्लॅस्टिकचं आवरण घातलं, परमिटाशेजारी ठेवला आणि त्या दिवसापासून पेला मोठा झाला. एकदा लिव्हर तपासा, असं डॉक्टर म्हणाले नाहीत, श्रीपतराव म्हणाले नाहीत आणि मीही म्हणाले नाही. मला तरी सुचायला हवं होतं. पण आम्ही प्रयोगात पोटच उघडतो ग. पोटावरचे ओरखडे मोजले की बाकीचं पिशवीत भरून देऊन टाकतो. आणि उंदराला अल्कोहोल एकदाच पाजतात. त्याला परमिट काढून रोज संध्याकाळी कोणी देत नाही.

या खोलीत डोळा लागला की एकच संध्याकाळ पुन्हा पुन्हा येते. तुझ्या लग्नाआधीची वासी उत्तरायण, संक्रांतीचा दुसरा दिवस. आठवतं? दिवसभर पतंग कापत ‘काप्यो छे’ करून सगळ्यांचे घसे बसले होते, आकाश जांभळं होत चाललं होतं, आणि बाबांनी तुक्कल सोडायला घेतले. कागदाचे ते पाच कंदील, आत मेणबत्त्या, पतंगाच्या दोऱ्याला एकेक बांधून सोडत होते. बोटाला मांज्याने कापलेलं, तरी चेहरा कसा! इतकं खूश मी त्यांना आमच्या लग्नातही पाहिलं नव्हतं. फिरकी तुझ्या हातात होती. पानिगेटच्या बाजूने दुसऱ्यांचे कंदील वर येत होते, किती तरी, आणि सगळा रावपुरा माना वर करून उभा होता. साडेसहा वाजले. मी ताकाचा पेला घेऊन जिना चढले. त्यांनी माझ्याकडे बघितलं, पेल्याकडे बघितलं आणि म्हणाले, अरे, वेळ झाली का? दोरा तुझ्या हातात दिला, ताक प्यायले आणि खाली आले. तेव्हा मला काही कळलं नाही. कळलं ते खूप नंतर, ते गेल्यावर. त्या संध्याकाळी ते दारू विसरले होते. साफ विसरले होते. आठवण करून द्यायला मी तीन मजले चढून गेले. स्वप्नात मी पेला घेऊन जिन्याच्या तळाशी उभी असते, वर चढत नाही, आणि वरून तुमच्या दोघांचा हसण्याचा आवाज येत राहतो. मग पंख्याची घरघर ऐकू येते आणि मी जागी होते.

पुढचं तू पाहिलंच आहेस. डोळे पिवळे झाले तेव्हा लिव्हरमध्ये काही उरलं नव्हतं, चार महिन्यांत संपलं. इस्पितळात मी एकदा त्यांच्या पायांना तेल चोळत होते तेव्हा त्यांनी विचारलं, माझं पोट तर कधी दुखलं नाही, मग हे आलं कुठून? मी तेल चोळत राहिले. गेल्या महिन्यात तेजश्रीला सगळं सांगितलं, पहिल्यांदाच. पोरगी हुशार आहे, म्हणाली, बेन, उंदरांवर दिसलं म्हणून माणसांत तसंच होतं असं कोणी सिद्ध केलेलं नाही, घरच्या काढ्यात कितीसं उतरलं असेल, कदाचित काकांचं पोट मुळातच दणकट असेल. असेलही. पानांचा दोष नाहीच, पानांनी काही केलं असेल किंवा नसेल. मी काय केलं ते मला माहीत आहे. रोज पिण्याची वेळ मी सांभाळली, आणि त्यांच्या शरीराने जे ओरडून सांगायला हवं होतं ते मी त्यांच्यापर्यंत जाऊ दिलं नाही.

बरणी मी पाठवणार नाही, यशू. रविवारी फोन ठेवता ठेवता तू एक विचारलंस आणि मी दुधाचं निमित्त काढून पळाले. तू विचारलंस, आई, ते प्यायच्या किती आधी द्यायचं? आणि मग हळू आवाजात, त्यांना न सांगता दिलं तर चालेल ना? त्या दोन प्रश्नांसाठी हे पत्र लिहिलं. तू मला बरणी नाही ग मागत होतीस, माझीच ती वर्षं मागत होतीस, आणि ती मी तुला देणार नाही. मी पुढच्या बुधवारी येतेय, रजा टाकली आहे, स्टेशनवर घ्यायला येऊ नकोस. गुरुवारी तिघं मिळून डॉक्टरांकडे जाऊ. पोटाचं औषध ते देतील, जरूर घेऊ, पण रोज किती पितो हे इंद्रनीलरावांनी स्वतःच्या तोंडाने सांगितल्यावर, आणि लिव्हरची तपासणी झाल्यावर. हे पत्र त्यांनाही वाचायला दे. चिडले तर माझ्यावर चिडू देत, सासू कशाला असते? फक्त बुधवारपर्यंत त्यांना चोरून काही देऊ नकोस, ताकातून नाही, दुधातून नाही. त्यांना कळवळताना बघून तुझा जीव तुटेल, मला ठाऊक आहे. शेजारी बस, पाठीवरून हात फिरव, पण देऊ नकोस. त्यांचं अजून दुखतंय ग. तुझ्या बाबांचं मी दुखूच दिलं नाही.

तुझीच,
आई